नऊ नंबरची साखळी

क्लॅरिस ओग्डनचा दिवस पाचला वीस मिनिटं कमी असताना सुरू व्हायचा. गजर सहाचा लावलेला असे, पण त्याची वेळच येत नसे. तिला तिचे हात उठवत. मनगटाच्या पुढे मुंग्यांचं वारूळ फुटावं तसं व्हायचं आणि झोप उडायची. मग ती पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हात खाली सोडायची आणि ओलं फडकं झटकावं तसे झटकायची. शेजारी वॉल्टर झोपलेला असे. त्याला जाग येऊ नये म्हणून पलंगाची स्प्रिंग न वाजवता उठून बसायला ती शिकली होती. दहा मिनिटांत मुंग्या ओसरत. पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं तशीच राहत, कुणाची तरी उसनी आणून लावल्यासारखी.

मग ती खाली जाऊन किटली ठेवायची. पहिली काडी हातातून पडे, दुसरी मोडे, तिसरीने गॅस पेटे. कोमट पाण्यात हात बुडवून ती उभी राहायची. बसायची नाही. बसलं की विचार येत, आणि विचार एकच होता: आज खिळ्यावर काय असेल?

मँचेस्टरजवळच्या डेंटन गावातल्या हॅल्सल चेन वर्क्समध्ये क्लॅरिस वीस वर्षं तपासनीस होती. तिथे यंत्रांच्या साखळ्या बनत. सायकलच्या साखळीसारख्याच, पण लहान म्हणजे करंगळीएवढ्या रुंद, आणि मोठ्या म्हणजे दहा फूट उचलायला दोन गडी लागावेत अशा. एका चाकाची ताकद दुसऱ्या चाकाला द्यायची असेल किंवा जड माल पुढे सरकवायचा असेल, तिथे त्या जात: मागांवर, खाणीत, बिअरच्या बाटल्या धुणाऱ्या यंत्रांवर. खालच्या शेडमध्ये पट्ट्या आणि रोलर नावाची नळकांडी कापली जात, पिना कडक केल्या जात, कड्या जुळवून पिनांची डोकी ठोकली जात. मग साखळी ताणून बघायची, गरम तेलात बुडवायची आणि वरच्या मजल्यावर तपासणीला पाठवायची.

तिथे सोळा बायका होत्या आणि काम एकच होतं. दहा फुटांचा तुकडा लाकडाच्या अर्धगोल ठोकळ्यावरून ओढायचा आणि प्रत्येक सांधा बोटांखालून जाऊ द्यायचा. सांधे मोकळे असले तर साखळी पाण्यासारखी वाकते. एखादी पिन कणभर जास्त ठोकली गेली असेल तर तो सांधा जाम होतो. फार जाम असला तर ठोकळ्यावरून उतरल्यावरही गुडघ्यासारखा वर उभा राहतो, कुणालाही दिसतो. थोडाच जाम असला तर डोळ्याला काही कळत नाही. बोटाला फक्त एक टिचकी लागते. ती टिचकी ओळखण्याचा पगार होता. वाहून नेण्याचा नव्हता, ओढण्याचा नव्हता. दिवसाला सत्तर-ऐंशी तुकडे ओढावे लागत ते वेगळंच.

तपासलेल्या तुकड्याला तार बांधून तिला शिशाची गोळी लावायची आणि आपल्या पक्कडीने दाबायची. पक्कडीच्या तोंडात नंबर कोरलेला असे. क्लॅरिसचा नंबर चौदा.

आणि खिळा. बाहेरून तक्रार होऊन परत आलेला तुकडा हजेरीच्या घड्याळाशेजारी खिळ्यावर आठवडाभर टांगायचा, सील समोर दिसेल असा, ही हॅल्सलची जुनी रीत. येणारा-जाणारा प्रत्येक जण, अगदी झाडूवालासुद्धा, तो तुकडा हातातून ओढून दोष शोधायचा, आणि सापडला की त्या नंबरच्या नावाने शेरे मारायचा. उन्हाळ्यात सगळं गाव आठवडाभर बंद होतं. त्या सुट्टीपासून पुढच्या सुट्टीपर्यंत ज्या नंबरचा तुकडा तीनदा टांगला जाई, ती बाई टेबलावरून उठून खाली, कड्या उकळत्या रसायनात धुण्याच्या टाकीवर जाई. टाकीवर पगार कमी, आणि तिथल्या वासाने दुपारपर्यंत डोकं भणभणून जायचं. टाकीवरून परत वर आलेली बाई कुणाला आठवत नव्हती.

वीस वर्षांत क्लॅरिस दोनदा टांगली गेली होती. दोन्ही वेळा लढाईच्या दिवसांत, जेव्हा बारा-बारा तासांच्या पाळ्या होत्या.

हे १९५७ साल. बोटं सुन्न पडायला लागली ती आदल्या नोव्हेंबरात. आधी तिला वाटलं थंडी आहे. मग वाटलं वय आहे, अठ्ठेचाळिसावं लागलं होतं. जानेवारीत तिच्या हातून खिळ्यावर जाण्यासारखा एक तुकडा जवळजवळ निसटला. सील दाबता दाबता तिला दिव्याच्या उजेडात एक कडी किंचित तिरकी दिसली, म्हणून वाचला. त्या दिवसापासून तिने बोटांचं काम डोळ्यांवर टाकलं. दिवा खाली ओढला, ठोकळा तिरका केला, साखळी निम्म्या वेगाने ओढायला लागली. साखळीची सावली पाहायची. सावली मोडली की सांधा जाम. यात वेळ जायचा. वेळ भरून काढायला तिने सकाळचा चहा सोडला, मग दुपारचाही. भोंग्याच्या आधी काम सुरू करायला युनियनची बंदी होती, नाहीतर तिने तेही केलं असतं.

बायकांच्या नजरेतून हे सुटलं नाही. तीन नंबरची बेसी सगळ्यांत जुनी. चहाचा पेला घेऊन ती मुद्दाम क्लॅरिसच्या टेबलाशी उभी राहायची आणि म्हणायची, मालक क्लॅरिसला सोन्याचं घड्याळ देणार आहे, तिला वेळ तरी कळू दे. क्लॅरिस हसायची आणि सावलीवरची नजर काढायची नाही.

घरी सांगायची सोय नव्हती. वॉल्टर टोप्यांच्या कारखान्यात फेल्टचं लोकरी कापड दाबायचा. तीस वर्षांचं काम. पण माणसं बोडक्याने फिरायला लागली आणि कारखाना आठवड्यातून तीन दिवसांवर आला. उरलेले चार दिवस वॉल्टर घरात येरझाऱ्या घालायचा. त्याने एकच गोष्ट डोक्यात घेतली होती. हाइडच्या रस्त्यावर म्हाताऱ्या हॉवर्थचं मासे आणि चिप्सचं दुकान होतं. हॉवर्थला मुलीकडे राहायला जायचं होतं. व्हिटसनच्या सणापर्यंत, म्हणजे जूनपर्यंत, तो थांबायला तयार होता. क्लॅरिसच्या पगारातून वर्षानुवर्षं पोस्टात साठलेलं होतं ते दुकानाच्या पहिल्या हप्त्याला जवळजवळ पुरत होतं. वॉल्टरला आणखी तीन महिने तिचा वरच्या टेबलाचा पगार हवा होता, बस्स. रोज संध्याकाळी तो कढईची मापं सांगायचा आणि बटाटे कुणाकडून घ्यायचे ते सांगायचा. क्लॅरिस हो म्हणायची आणि टेबलाखाली बोटं चोळायची.

मार्चमधल्या एका गुरुवारी ऑलिव्ह बार्डस्ली दात काढायला गेली.

ऑलिव्ह म्हणजे नऊ नंबर, क्लॅरिसच्या शेजारचं टेबल. एकवीस वर्षांची, क्लॅरिसच्याच गल्लीतली, लहानपणापासून तिला क्लॅरिसमावशी म्हणणारी. व्हिटसनला तिचं लग्न ठरलं होतं आणि रिवाजाप्रमाणे बापाने तिला कवळीची भेट द्यायचं कबूल केलं होतं. चांगले-वाईट सगळे दात एकदम काढून टाकायचे, म्हणजे पुढे नवऱ्याला डॉक्टरचा खर्च नको. हिरड्या भरून यायला दोन-अडीच महिने लागतात, म्हणून मार्च. ऑलिव्ह जेवणाच्या सुट्टीत निघाली ती घाबरलेली होती आणि तिची चाळीस तुकड्यांची रास टेबलाशेजारी पडलेली होती.

अशा वेळी शेजारणीने रास उचलायची आणि गेलेल्या बाईच्याच पक्कडीने सील करायची, हे तपासणीतल्या बायकांचं आपसातलं चालणं. नाहीतर अर्ध्या दिवसाचा पगार जायचा. नियमात हे बसत नव्हतं. फोरमन मिस्टर थॉर्प काचेच्या खोलीतून सगळं पाहत असे आणि त्या वेळी नेमका कागदांत डोकं घालून बसत असे. क्लॅरिसने उभ्या आयुष्यात शेजारणीची रास नाकारली नव्हती. त्या दिवशी तिची स्वतःची रास मागे पडलेली होती. तरीही ती म्हणाली, "जा तू. ठेव पक्कड इथे."

चार वाजता आभाळ भरून आलं आणि बाहेरचा उजेड गेला. तिने एकूण सत्तरच्या वर तुकडे सावली बघत काढले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. शेवटचे आठ-दहा तुकडे तिने बोटांनी काढले. म्हणजे बोटांवरून ओढले. त्यांना काही कळलं असं तिला म्हणता आलं नसतं. नऊ नंबरच्या पक्कडीने तिने सील दाबलं आणि घरी गेली.

मे महिन्यात एका सोमवारी खिळ्यावर तुकडा होता.

क्लॅरिस नेहमीप्रमाणे सातला पोचली, अर्धा तास आधी. गेटवाल्याने तिला आत घेतलं. तिने लांबून साखळी पाहिली. जवळ जाऊन सील उलटं केलं. नऊ. तिने सुटकेचा श्वास टाकला. मग तुकड्याला बांधलेल्या पत्र्यावरची तारीख वाचली. मार्चमधला तो गुरुवार.

साखळी यॉर्कशरच्या एका बिस्किट कारखान्यातून परत आली होती. तिथे ती भट्टीतून तवे ओढत असे. एक सांधा जाम होता, तो दर फेरीला दातेरी चाकावर चढत गेला, एक दिवस दात सोडून उडाला आणि तवे भट्टीत आडवे झाले. हॅल्सलच्या विक्रेत्याला तिथल्या माणसांनी जळक्या बिस्किटांचा एक डबा भेट दिला होता. कुणीतरी तो डबा खिळ्याखाली स्टुलावर ठेवला होता, झाकण उघडं ठेवून.

साडेसातपर्यंत घड्याळापाशी गर्दी झाली. प्रत्येक जण साखळी ओढत होता आणि प्रत्येकाला दोष सापडत होता. शिपायाला सापडला. खालच्या शेडमधल्या ठोकणाऱ्या गड्यांना सापडला, त्यांनी तर डोळे मिटून दाखवला. एक जण म्हणाला, नऊ नंबरवालीने दात काढून घेतले ते घेतले, बरोबर बोटंही काढून घेतली वाटतं. ऑलिव्ह आली. कवळी अजून मिळायची होती, ती तोंडावर रुमाल धरून असे. तिने एका हाताने साखळी ओढली, निम्म्यावर थांबली आणि त्या सांध्यावर बोट ठेवून उभी राहिली. तिचा हा तिसरा तुकडा होता. पहिले दोन सप्टेंबरातले, ती नवीन असतानाचे.

क्लॅरिसची पाळी आली. सगळे बघत होते म्हणून तिने साखळी हातात घेतली. डोळे वर ठेवले, सावलीकडे पाहायचं नाही असं ठरवून, आणि ओढली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साखळी तिच्या बोटांवरून गेली. पाण्यासारखी. पुन्हा ओढली. काही नाही. त्या इमारतीतल्या दोनशे माणसांना जो सांधा सापडला होता तो तिला सापडला नाही.

"काय क्लॅरिस, शेवटपर्यंत मोजतेस की काय?" मागून कुणीतरी म्हणालं. तिने अंदाजाने मधल्या एका कडीवर अंगठा ठेवला, मान हलवली आणि पुढे गेली.

तो दिवस तिने कसा काढला ते तिचं तिला माहीत. टेबलाशी उभी राही, साखळी ठोकळ्यावर चढवी, मग उतरवून ठेवी. पाणी प्यायला दोनदा गेली, एरवी ती पाळीत एकदाही जात नसे. शेजारी ऑलिव्ह काम करत होती आणि काही बोलत नव्हती. बोलता येत नव्हतं म्हणून की बोलायचं नव्हतं म्हणून, ते समजत नव्हतं. त्या दुपारी तिची रास कुणी उचलली होती हे ऑलिव्हला पक्कं ठाऊक होतं. तिने फक्त तोंड उघडायचं होतं. तिने उघडलं नाही. शुक्रवारी तुकडा उतरेपर्यंत टेबल, सोमवारपासून टाकी. लग्नाला तीन आठवडे होते.

जेवणाच्या सुट्टीत क्लॅरिस बेसीला जिन्याखाली घेऊन गेली आणि झालं ते सांगितलं. हातांचं सोडून. बेसीने पाव चावत ऐकून घेतलं.

"थॉर्पला सांगशील तर काय होईल ठाऊक आहे?" ती म्हणाली. "पोरगी वाचेल. पण त्याला एकमेकींच्या राशींचं कळलं असं होईल. मग उद्या माझी सून बाळंत झाली तरी मला अर्धा दिवस मिळायचा नाही. सोळा जणींचं नुकसान करून एकीला वाचवायचं असेल तर जा."

"आणि टाकीवर ती जाणार?"

"पोरगी आहे. लग्न होतंय. सहा महिन्यांत पोट पुढे येईल आणि आपणच काम सोडेल." बेसीने कागदाची घडी घातली. "तू कशी चुकलीस गं पण? तुझ्या हाताखालून आजवर डास गेला नाही."

क्लॅरिस जिना चढायला लागली.

घरी वॉल्टरने वजडी आणि कांदे शिजवले होते. हॉवर्थने कढई दाखवली होती, ती त्याच्या मते आणखी दहा वर्षं सहज जाईल. क्लॅरिसच्या हातून काटा दोनदा पडला. तिसऱ्यांदा तिने चमचा घेतला. वॉल्टर कढईतून बाहेर आला नाही. जेवण होताच ती उठली आणि दूधवाल्याला निरोप द्यायचा आहे असं सांगून बाहेर पडली. कुठलाही निरोप नव्हता. ती टाउन हॉलपर्यंत चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. हातांचं कोटाच्या खिशात काय करावं ते तिला कळत नव्हतं. बोललं तर हात उघडे पडणार, टेबल जाणार, हॉवर्थचं दुकान जाणार. नाही बोललं तर ऑलिव्ह टाकीवर. आणि उद्या आणखी एक साखळी, परवा आणखी एक. बिस्किटं जळाली ती जळाली. याच साखळ्या खाणीत माणसांच्या डोक्यावरून जात होत्या.

मंगळवारी ती बोलली नाही. बुधवारी सकाळी चहाच्या सुट्टीत ती काचेच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मिस्टर थॉर्प उठून उभा राहिला. तो सगळ्या बायकांना आडनावाने हाक मारायचा आणि बाई आत आली की उभा राहायचा.

"खिळ्यावरची साखळी माझी आहे," क्लॅरिस म्हणाली.

"खिळ्यावर नऊ नंबर आहे, मिसेस ओग्डन."

"सील नऊचं आहे. बोटं माझी होती. ऑलिव्ह त्या दुपारी दात काढायला गेली होती."

थॉर्पने बाहेर पाहिलं. पंधरा बायका पेले हातात धरून काचेकडे पाहत होत्या.

"इतकी वर्षं मला हे ऐकू येत नव्हतं," तो म्हणाला. "बरं चाललं होतं. आता तुम्ही माझ्या कानात सांगितलंत. मला ते ऐकलं नाही असं करता येणार नाही."

ती म्हणाली, कळतं.

थॉर्प स्वतः तीस वर्षं साखळी ओढून वर आलेला माणूस. तो खिळ्यावरचा दोष त्यालाही सोमवारी एका ओढीत सापडला होता. इतका ढोबळ सांधा चौदा नंबरच्या हातून कसा गेला, एवढंच त्याने विचारलं. क्लॅरिसने दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्याने तिला डोळे मिटायला सांगितले आणि तिच्या बोटांवर काहीतरी ठेवलं. वजन होतं, म्हणून ती म्हणाली, रोलर. बरोबर, थॉर्प म्हणाला. मग त्याने ते उचललं. "आता काय आहे?" तिने थोडा वेळ घेतला. रोलर नाही म्हणजे हलकं काहीतरी असणार. "पिन," ती म्हणाली.

डोळे उघडले तेव्हा तिच्या बोटांवर काहीच नव्हतं. थॉर्पचे हात खिशात होते.

"कधीपासून?"

"नोव्हेंबर."

"आणि सहा महिने काम कसं केलंत?"

तिने सावलीचं सांगितलं. सोडलेल्या चहाचं सांगितलं. थॉर्पने सगळं ऐकलं, मग खाली जाऊन खिळ्यावरच्या तुकड्याचं नऊचं सील कापलं, तिथेच उभं राहून चौदा नंबरच्या पक्कडीने नवं सील दाबलं आणि तुकडा पुन्हा टांगला. घड्याळापाशी कुणी हसलं नाही. त्याच दुपारपासून, बाई जागेवरून उठली की तिची पक्कड फोरमनच्या कपाटात जायला लागली. बेसी आणि बाकीच्या बायकांनी क्लॅरिसशी बोलणं टाकलं. ऑलिव्ह मात्र टेबल पुसायच्या निमित्ताने जवळ आली, रुमाल बाजूला केला आणि बोळक्या तोंडाने म्हणाली, "मावशी, मी सांगणार नव्हते. तुम्ही का सांगितलंत?"

"तुला टाकीचा वास सोसला नसता."

"आणि तुम्हाला?"

"मला तिथे तरी कोण पाठवतंय," क्लॅरिस म्हणाली. "टाकीत हात भाजले तरी मला कळायचं नाही."

ऑलिव्हला आधी रडू आलं आणि मग हसू, आणि हसताना तोंड झाकायचं ती विसरली.

कारखान्याच्या नर्सने क्लॅरिसला मँचेस्टरच्या सरकारी इस्पितळात पाठवलं. तिथल्या तरुण डॉक्टरने तिच्या मनगटावर टिचकी मारली तशी वीज बोटांपर्यंत गेली. मनगटात एक अरुंद वाट असते, तो म्हणाला, त्यातून जाणारी शीर वर्षानुवर्षं तेच ते करून दाबली गेली आहे. वरचा पडदा कापून वाट मोकळी करता येते. बोटं परत येतील का, हे त्याने सांगितलं नाही. येतात बऱ्याचदा, म्हणाला. ऑपरेशनला पैसे लागत नव्हते. एक हात आधी आणि दुसरा दोन महिन्यांनी करावा असं त्याचं म्हणणं होतं.

"दोन्ही एकदम करा," क्लॅरिस म्हणाली.

"दोन्ही हात बांधलेले असताना तुम्ही जेवणार कशा?"

"ते मी बघते. माझ्याकडे वेळ नाही."

कारण थॉर्पने तिला सहा आठवडे दिले होते. मालकाशी भांडून दिले, असं नंतर कळलं. टेबल सहा आठवडे रिकामं ठेवतो, तो म्हणाला होता, पगाराविना. सातव्या सोमवारी साडेसातला खोलीत माझ्यासमोर डोळे मिटून एक तुकडा ओढायचा. जमलं तर चौदा नंबर तुमचा. नाही जमलं तर दुसरीचा.

हे सगळं वॉल्टरला सांगणं बाकी होतं. तिने ते उभ्यानेच सांगितलं. त्याने तिचे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले.

"म्हणजे रोज पहाटे तू हात झटकत बसायचीस," तो म्हणाला.

"तू जागा असायचास?"

"जागाच. मला वाटायचं तू माझ्यावर चिडलेली आहेस. काम नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी तो हॉवर्थकडे गेला आणि आपल्याला दुकान जमणार नाही असं सांगून आला. टोपी मात्र डोक्यावर घालून गेला होता.

त्या सहा आठवड्यांइतकं कष्टाचं काम क्लॅरिसने आयुष्यात केलं नव्हतं. दोन्ही हात कोपरापर्यंत गुंडाळलेले. वॉल्टर तिची बटणं लावायचा, तिला चहा पाजायचा, केस धुवायचा. फेल्ट दाबून दाबून त्याची बोटं राकट झालेली, पण केसांतून ती हलकी फिरायची. ती म्हणायची, टोपी नाहीये ही, जरा बेताने. तो म्हणायचा, टोपी असती तर इतकी हलली नसती. तिला बसवत नव्हतं. सकाळी सातला ती घराबाहेर पडायची आणि हात छातीशी धरून गावभर चालायची, भोंग्याच्या वेळी हॅल्सलच्या गेटवरून न जाता लांबून वळसा घालून. ऑलिव्हचं लग्न तिने चर्चच्या मागच्या बाकापाशी उभं राहून पाहिलं. ऑलिव्ह नव्या कवळीने सगळ्यांकडे बघून हसत होती, थोडी जास्तच. बेसी दोन बाकं पुढे होती. तिने एकदा वळून क्लॅरिसच्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागली.

पट्ट्या निघाल्यावर पहिले काही दिवस काहीच नव्हतं. बोटं तशीच सुन्न. मग चौथ्या आठवड्यात जेवताना तिच्या मधल्या बोटाला टेबलावर काहीतरी टोचलं. तिने बोट उचलून पाहिलं. मिठाचा एक खडा होता. तिने तो उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा बोटाने शोधला. वॉल्टर काही विचारणार होता तेवढ्यात तिने त्याला गप्प बसायची खूण केली. मीठ सांडून ती अर्धा तास टेबल चाचपत राहिली.

सातव्या सोमवारी थॉर्पच्या खोलीत तिने डोळे मिटले आणि साखळी ओढली. निम्म्यावर थांबली, दोन कड्या मागे आली, पुन्हा पुढे गेली. "हा. आणि तिथे आणखी एक आहे, पुढे. तुम्ही दोन घातलेत." थॉर्पने पक्कड कपाटातून काढून दिली. अंगठ्याचं टोक कधीच पूर्ण परत आलं नाही, पण ती दुसऱ्या बोटाने काम शिकली आणि आणखी अकरा वर्षं त्या टेबलाशी राहिली. ऑलिव्ह त्याच वर्षी नाताळात काम सोडून गेली. बेसी चार महिन्यांनी बोलायला लागली, तेही फक्त दिवा वर कर म्हणायला. पक्कडी कपाटातच राहिल्या.

हॉवर्थचं दुकान एका इटालियनाने घेतलं आणि चांगलं चालवलं. पोस्टात साठलेलं होतं ते आजारपणाच्या सरकारी विम्याच्या थोड्याशा पैशांना जोड देता देता उन्हाळ्यात संपलं. घरभाडं, कोळसा, पाव, वजडी, गॅसच्या मीटरमध्ये टाकायची नाणी, वॉल्टरची तंबाखू. वीस वर्षं रोज सत्तर-ऐंशी तुकडे ओढून क्लॅरिस ओग्डनने जे कमावून बाजूला ठेवलं, त्यातून तिने शेवटी विकत घेतले ते सहा आठवडे, साखळीला हात न लावता काढलेले.